करमाफीला हरकत

लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसानं "आपण कुठं असता?" असं विचारलं, की मी बरीच वर्षं "सरकारी नोकरीत" एवढंच सांगून पापडाकडे वळायचे. एकदा "पालिकेच्या कर विभागात" म्हणून बघितलं होतं. त्या गृहस्थांनी हातातली जिलेबी खाली ठेवली आणि त्यांच्या मेव्हण्याच्या गाळ्याला घरपट्टी कशी अवाच्या सवा लावली आहे, हे मठ्ठा संपेपर्यंत ऐकवलं. डॉक्टरलाही लोक पंगतीत दुखणी सांगतात, पण ती त्या डॉक्टरनंच दिल्यासारखी सांगत नाहीत.

मी कर निरीक्षक होते. गिरगावातल्या एका खोलीतून आम्ही भाईंदरला आलो, कारण तेव्हा इथं तेवढ्याच पैशांत दोन खोल्या आणि स्वतःचा संडास मिळत होता. नोकरीही इथंच लागली आणि निवृत्तही इथंच झाले. घर, ऑफिस आणि शिव्या, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

काम सांगायला सोपं आहे. बांधकाम उभं राहिलं, की त्याचं मोजमाप घ्यायचं. त्याचा वापर बघायचा, म्हणजे राहतं घर आहे, दुकान आहे, की नुसती मोकळी जागा. मग ती जागा भाड्यानं दिली असती तर वर्षाला किती आलं असतं याचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजावर कर लावायचा. थोडक्यात, तुम्हाला कधीच न मिळालेल्या भाड्यावर आम्ही तुमच्याकडून खरेखुरे पैसे घेतो. माणसं चिडतात यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

एक गोष्ट मात्र बाहेरच्या लोकांना पटता पटत नाही. जागा कोणाची, हे कर विभाग ठरवत नाही. तिथं कोण आहे आणि काय करतंय, एवढंच तो बघतो. त्यामुळे परवानगी नसलेल्या इमारतीलाही बिल जातं. बिलाच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत छापलेलं असतं, की हे बिल म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. ती ओळ आमच्याशिवाय कोणी वाचत नाही. लोक ते बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात दागिन्यांशेजारी ठेवतात.

वापराच्या बाबतीत लोक काय काय सांगतील याचा नेम नाही. स्टेशनजवळचे भांड्यांचे एक व्यापारी होते. मी तपासणीला येणार हे कळताच त्यांनी गल्ल्यावर मोठी मूर्ती बसवली आणि दारात चपला काढायला लावल्या.

"मॅडम, ये दुकान नहीं है. मंदिर है."

"मग हे कुकर?"

"भगवान के बर्तन हैं."

"तीन लिटर, पाच लिटर, दहा लिटर, सगळे देवाचे?"

"भगवान का परिवार बड़ा है, मॅडम," ते हात जोडून म्हणाले.

मी देवालाही दुकानाच्याच दरानं कर लावला. निघताना त्यांनी मला प्रसादाचा पेढा दिला आणि वर अपील दाखल केलं. असल्या माणसांचं मला कधीच वाईट वाटलं नाही. करापासून पळणं हा मनुष्यस्वभाव आहे आणि पळणाऱ्याच्या मागं जाणं हा आमचा पगार. आख्ख्या नोकरीत एकदाच उलटं झालं. लोक कर घेऊन माझ्या मागं लागले आणि पालिका पळत सुटली. तेच सांगायला बसलेय.

त्याची सुरुवात महासभेत झाली. महासभा म्हणजे सगळे नगरसेवक एका सभागृहात बसून शहराचे निर्णय घेतात ती सभा. आम्ही कर्मचारी फायली मांडीवर घेऊन मागच्या रांगेत बसायचो. साहेबांनी मान वळवली, की योग्य तो कागद पुढं सरकवायचा. साहेब म्हणजे आमचे कर विभागाचे उपायुक्त. सज्जन माणूस. समोर बसलेल्या शेवटच्या माणसाचं म्हणणं त्यांना नेहमी पटायचं, त्यामुळे त्यांच्या केबिनमधून सगळ्यात शेवटी बाहेर पडण्यासाठी लोकांत चढाओढ असे.

त्या दिवशीचा विषय होता, मोकळ्या जागांच्या धंदेवाईक वापरावर कर. प्रस्ताव खरोखर चांगला होता, म्हणजे मीच लिहिला होता. घोडबंदर रस्त्याला चेणे गावाच्या बाजूला लग्नाची लॉन्स झाली होती. एका रात्रीचं भाडं आमच्या वर्षाच्या पगाराला लाजवेल एवढं, आणि कर नोंदीत ती जागा 'पडीक'. गाड्यांचे तळ, भंगाराची आवारं, सगळी पडीक. प्रस्तावात मी अशा जागांचे प्रकार लिहिले होते आणि नियमाप्रमाणे कोणीच सुटू नये म्हणून शेवटी मासळी सुकवण्याच्या जागाही घातल्या होत्या.

चर्चा सुरू झाली. पहिले सदस्य उठले आणि म्हणाले, "लग्न हा संस्कार आहे, धंदा नाही. हिंदू धर्मातल्या सोळा संस्कारांवर ही पालिका कर लावणार काय?" बाकं वाजली. लॉन्स वगळली गेली. सदस्यांच्या भावाचं लॉन होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलायची ती जागा नव्हती. दुसरे म्हणाले, गाड्या तळावर नुसत्या उभ्या असतात, उभं राहणं हा वापर कसा? तळ वगळले. तिसऱ्यांनी भंगाराला पर्यावरणरक्षण म्हटलं आणि पुढच्या सभेत भंगारवाल्यांचा सत्कार करावा, अशी उपसूचना मांडली. साहेब प्रत्येकाला मान डोलवत होते. मी माझ्या प्रस्तावातला एकेक शब्द खोडत होते. शेवटी माझ्या कागदावर एकच ओळ उरली, ज्यांचं सभागृहात कोणी नव्हतं त्यांची.

"मौजे चौक येथील मासळी सुकवण्याच्या मोकळ्या जागा," महापौरांनी वाचलं.

उत्तनच्या पट्ट्यात समुद्राकाठी चौक नावाचं कोळ्यांचं गाव आहे. पण हे ठाऊक असणारे सदस्य त्या वेळी जेवायला गेले होते.

"कुठल्या चौकात?" एकांनी विचारलं.

"चौकमधल्या," साहेब म्हणाले.

"अहो, पण कुठल्या? चौकाला काही नाव आहे की नाही?"

"चौक हेच नाव आहे."

"म्हणजे नामकरण झालेलं नाही!" ते गृहस्थ ताडकन उभे राहिले. पुढचा बराच वेळ त्या चौकाला कोणाचं नाव द्यावं, तिथं कारंजं बसवावं की घड्याळाचा मनोरा, यावर दोन पक्षांत जुंपली. किनाऱ्याच्या प्रभागाचे नगरसेवक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते बडीशेप चघळत परत आले आणि वातावरण बघून त्यांनीही हात वर केला. "मंजूर, मंजूर," असा गजर झाला. शहरातल्या सगळ्या धंदेवाईक मोकळ्या जागांवरचा कर अशा रीतीनं बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांवर बसला.

पाहणीचं काम एका खासगी कंपनीकडे होतं. त्यांनी छोटं विमान उडवून आकाशातून फोटो काढले. बोंबील सुकवायला कोळी लोक बांबू रोवून त्यावर आडव्या दोऱ्या बांधतात, त्याला वलांडी म्हणतात. वरून बघितलं तर रांगाच रांगा दिसतात. कंपनीच्या संगणकाला वलांडी माहीत नव्हती. त्यानं नोंद केली, 'गोदाम, छप्पर व भिंती नसलेले'. मी साहेबांना म्हटलं, "सर, छप्पर आणि भिंती नसल्या, तर गोदामात उरलं काय?"

"मॅडम, सिस्टीममध्ये तेच ऑप्शन आहे," ते म्हणाले.

नोटिसा घेऊन मी चौकला निघाले. बरोबर आमचा लिपिक हरेश्वर होता. हा इथलाच. त्याच्या आजोबांची भातशेती आणि मिठागर होतं. आता तिथं उंच इमारती आहेत आणि त्यांतल्या एकीत तो भाड्यानं राहतो. जागेवर आपण होतो हे दाखवायला त्याच्या घरच्यांकडे काही नव्हतं. जमीन आपलीच आहे, हे आणखी कोणाला कशाला सांगायचं, असं आजोबांना वाटत असे. हरेश्वर हे कधी रडून सांगायचा नाही. बसमधून एखादा टॉवर दाखवून म्हणायचा, "मॅडम, ते बघा, आमचा वांग्याचा वाफा. आता पार्किंग झालंय."

नोटीस द्यायला जाताना मी नेहमी बंद बूट घालायचे. कुत्री अंगावर येतात, म्हाताऱ्या तळतळाट देतात, कोणी अंगावर पाणी टाकतं. चौकला तर वासानंच डोळ्यांत पाणी आलं. किनाऱ्यापर्यंत वलांड्या, त्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि त्यांच्या मधून फिरणाऱ्या बायका. सगळ्यांत पुढं एक उंच, हाडकुळी बाई होती. लुगडं घट्ट खोचलेलं, गळ्यात क्रूस, हातात टोपली. तिचं नाव आग्नेसबाय. गावातल्या मासळी विकणाऱ्या बायकांची ती पुढारी, हे मला कोणी सांगायची गरज पडली नाही. मी पत्ता विचारला तर बाकीच्या सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

मी शक्य तितक्या मऊ आवाजात सांगितलं, की बाई, तुमच्या वलांडीच्या जागेवर पालिकेनं कर लावला आहे, ही नोटीस, हरकत असेल तर मुदतीत कळवा. मग एक पाऊल मागं सरले.

आग्नेसबायनं कागद उलटा धरला, मग सुलटा केला. "यावर माजा नाव हाय?"

"आहे. भोगवटादार म्हणून."

"म्हंजे?"

"म्हणजे जी जागा वापरते ती."

"आन जागा कुटली लिवली हाय?"

"मौजे चौक, मासळी सुकवण्याची जागा."

"परत वाच गो बाय."

मी परत वाचलं. तिनं टोपली खाली ठेवली आणि मागं वळून अशी हाक मारली, की नांगरलेल्या होड्यांवरची माणसंसुद्धा उभी राहिली. "बायांनो, हिकडं या! आमची नावां आली!"

मला वाटलं, आता मार बसतो. हरेश्वर आधीच बस थांब्याच्या दिशेनं तोंड करून उभा होता. पण बायका आल्या त्या ओल्या हातांनी कागद घ्यायला. ज्यांची नावं होती त्यांनी ती परत परत वाचून घेतली. ज्यांची नव्हती त्या भांडायला लागल्या. "माजी वलांडी न्हाय धरली काय? तुमचा तो इमान माझ्यावरशी गेला न्हाय?" एकीनं तर हात धरून मला तिच्या बांबूंपाशी नेलं आणि मोज म्हणाली. शेजारच्या तारोडी गावाहून सुकी मासळी न्यायला आलेल्या दोघी होत्या, त्या म्हणाल्या, आमच्या गावानं काय पाप केलं होतं?

उलगडा चहा पिताना झाला. वलांड्यांच्या टोकाला सिमेंटचे नवे खांब ओळीनं रोवलेले दिसत होते. मागची जमीन एका शेठनं रिसॉर्टसाठी घेतली होती आणि त्याचं म्हणणं होतं, की समुद्रापर्यंतची ही मोकळी जागाही त्यातच येते. खांब झाले होते, तारा ओढायच्या राहिल्या होत्या.

"त्याचा मानूस येतो आन इचारतो, तुमी हितं हाव याचा कागुद दाखवा," आग्नेसबाय म्हणाली. "माजी आजी हितं सुकवत व्हती. मी हितं सुकवते. आता बोंबलाला काय कागुद असतो? पोलिसान गेलो, तं तेबी कागुद मांगतात. आन आज तू घरी येऊन दिलास."

मी प्रामाणिकपणे सांगितलं, की बाई, हा मालकीचा पुरावा नव्हे, खाली लिहिलंय.

"मालकी कोन मांगतो? समिंदराची मालकी हाय आमची? आमी हितं हाव, येवडाच लिवा."

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर बोंबलांचा पुडा होता आणि हरेश्वर खिडकीबाहेर बघत बसला होता. त्या दिवशी त्यानं एकही टॉवर दाखवला नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण निवडणूक जवळ आली होती आणि भाऊंना कोणीतरी सांगितलं, की तुम्ही हात वर करून तुमच्याच मतदारांवर कर बसवलात. भाऊ घाबरले. शिवाय रिसॉर्टवाले शेठ त्यांचे स्नेही. शेठना चौकच्या बायकांच्या नावाच्या नोटिसांचं वृत्त कळलं, तेव्हा त्यांनाही कोळी समाजाविषयी एकदम कणव वाटू लागली. दोघांनी मिळून ठरवलं, की हा जुलमी कर रद्द झालाच पाहिजे.

चौकला सभा झाली. भाऊंनी गळ्यात निळा रुमाल बांधला होता, डोक्यावर कोळ्यांची टोपी, आणि भाषणात दर तीन वाक्यांनंतर एकदा "माझ्या दर्यावर्दी बांधवांनो". मी पालिकेची प्रतिनिधी म्हणून बाजूला उभी होते.

"या बाईंनी तुम्हाला नोटिसा दिल्या!" भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "पण जोपर्यंत हा भाऊ जिवंत आहे, तोपर्यंत एक पैसा भरायचा नाही! मी हा कर रद्द करून आणणार!"

टाळ्या पडल्या नाहीत. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. आग्नेसबाय उठली. "तुला कोनी सांगितला रद्द कराया?"

भाऊंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "मावशी, कर रद्द. माफ. भरायचा नाही."

"आयकला मी. मी बहिरी न्हाय. आमाला भरायचा हाय."

"अहो, पण का?"

"तू तुजा भरतोस ना? मंग आमीबी भरू. आमी काय फुकटे हाव?"

भाऊ स्वतःचा भरत नव्हते. त्यांच्या बंगल्याची थकबाकी मला तोंडपाठ होती, पण मी सरकारी चेहऱ्यानं समुद्राकडे बघत राहिले. भाऊंनी माईक खाली ठेवला आणि डोक्यावरच्या टोपीनं घाम पुसला.

मग सुनावणी. नोटिशीवर हरकत असेल तर साहेबांपुढं येऊन सांगायची, अशी पद्धत असते. लोक येतात, रडतात, ओळखी सांगतात, कर कमी करून घेतात. त्या दिवशी साहेबांचं दालन बायकांनी भरलं आणि शिपायानं न सांगताच खिडक्या उघडल्या. साहेबांनी पहिला अर्ज उचलला, वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"मॅडम, हे काय आहे? 'माझे क्षेत्र कमी दाखवले आहे, तरी वाढवून कर लावावा'?"

"हरकत आहे, सर," मी म्हटलं.

"आणि या दुसऱ्या?"

"त्यांना वगळलंय, म्हणून हरकत."

साहेबांनी आवाज गोड केला. "हे बघा मावशी, पालिका तुमच्या बाजूची आहे. पुढच्या महासभेत हा कर माफच होणार आहे. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"माफी नको," आग्नेसबाय म्हणाली. "आमी गुन्हा काय केला, ते माफ करता?"

साहेबांना हे पटलं. त्यांना सगळंच पटायचं. त्यांनी अर्जांवर 'पुनर्मोजणी करावी' असा शेरा मारला आणि सह्या केल्या. पण बायकांनंतर शेठ केबिनमध्ये गेले आणि शेवटी बाहेर पडले ते तेच. संध्याकाळी साहेबांनी मला बोलावून पुनर्मोजणीची घाई नको, असं सांगितलं. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप घेऊन हरेश्वरसह चौक गाठलं. घाई केलीच नाही. एकेक वलांडी सावकाश मोजली.

पुढच्या महासभेत 'गोरगरीब मच्छीमार भगिनींच्या तीव्र भावना लक्षात घेऊन' कर रद्द झाला. त्यांच्या तीव्र भावना नेमक्या काय होत्या, हे तिथं कोणी विचारलं नाही. भाऊंचा सत्कार झाला. नाव न ठरलेल्या चौकाचा विषय पुन्हा निघाला आणि या वेळी कारंज्यावर एकमत झालं.

आता इथं पालिकेची एक खुबी सांगायला हवी. महासभेत ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. ठरावाचं इतिवृत्त लिहावं लागतं, ते कायम व्हावं लागतं, मग आयुक्तांचा आदेश निघतो, तो फिरत फिरत प्रभाग कार्यालयात पोचतो. एरवी नागरिकांच्या हिताचे निर्णय या वाटेवर कुजतात. त्या वेळी मी या वाटेला पहिल्यांदा मनातल्या मनात नमस्कार केला. आदेश हातात येईपर्यंत जुना ठराव जिवंत होता, बिलं निघाली होती, आणि आलेला भरणा स्वीकारणं खिडकीला बंधनकारक होतं.

हरेश्वरनं चौकला निरोप पोचवला. मी त्याला पोचव म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं.

बायका सकाळच्या बसनं आल्या. सणाला नेसायची लुगडी, केसांत फुलं, जणू चर्चला निघाल्यात. एवढी नटलेली रांग मी करभरणा खिडकीवर कधी पाहिली नव्हती. रांगेत आधीपासून उभा असलेला एक सोसायटीचा सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून म्हणाला, "यहाँ मच्छी का क्या काम है?"

"टॅक्स भरते है," आग्नेसबाय म्हणाली. "तुम भी भरो."

अर्ध्या बायकांच्या पावत्या झाल्या आणि माझा फोन वाजला. साहेब.

"मॅडम, ते चौकचे पैसे घेऊ नका."

"सर, तसा आदेश आलेला नाही."

"येतोय. येईपर्यंत घेऊ नका."

"न घेण्याचा आदेश लेखी पाठवता का, सर? मी लगेच खिडकी बंद करते."

साहेब कोणत्याही कागदावर स्वतःहून सही करणारे गृहस्थ नव्हते आणि हे आम्हा दोघांनाही पुरेपूर माहीत होतं. "बघा तुम्ही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी बघितलं. शेवटची पावती फाडली तेव्हा जेवणाची सुट्टी उलटून गेली होती. एकीनं पावतीचं चुंबन घेतलं आणि शाई ओठाला लागली, म्हणून सगळ्या हसत सुटल्या. माझ्या हाताखालून हजारो पावत्या गेल्या असतील, पण पावती घेऊन कोणी असं हसलेलं मला आठवत नाही.

मला याची शिक्षा झाली नाही, बदली झाली. ती शिक्षा नसते, प्रशासकीय सोय असते. निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना मला उद्यान विभागात पाठवलं, तिथं मी कारंज्यांच्या निविदा तपासत असे. माझ्या प्रस्तावातली लॉन्स अजून पडीकच आहेत. परवा तिथल्याच एका लग्नाला जाऊन आले. पडीक जागेत चौदा प्रकारची चाट होती. हे मात्र मनाला लागून राहिलंय. एक बरा प्रस्ताव लिहिला होता, त्याचा उपयोग झाला तो भलत्यालाच. मी काही बायकांचं भलं करायला तो लिहिला नव्हता, आणि ज्यांच्यासाठी लिहिला ते आजही मजेत आहेत.

चौकचं प्रकरण कोर्टात गेलं. पावत्यांनी मालकी सिद्ध झाली नाही, व्हायचीच नव्हती. पण या बायका इथं वहिवाटीला आहेत असं दिसतं, एवढं म्हणून कोर्टानं तारा ओढायला मनाई केली. निकाल लागायचाय. शेठचे खांब काढायलाही मनाई आहे, म्हणून बायकांनी त्यांना दोऱ्या बांधल्या. सिमेंटची वलांडी वाऱ्याला पडत नाही, असं आग्नेसबायचं मत आहे.

खरी गंमत मागाहून सुरू झाली. कर रद्द झाला, म्हणजे भरलेले पैसे परत करणं आलं. लेखापरीक्षकांनी शेरा मारला, की रद्द कराची रक्कम पालिकेकडे विनाकारण पडून आहे. मग पालिकेनं प्रत्येकीला पत्र पाठवलं, 'मौजे चौक येथील मासळी सुकवण्याच्या जागेच्या भोगवटादार यांस, आपण भरलेली रक्कम परत घेऊन जावी'. कोणीही गेलं नाही. पुढच्या वर्षी लेखापरीक्षकांनी पुन्हा शेरा मारला, पुन्हा पत्रं गेली. आता ते दरवर्षी चालू आहे. ज्या बायका तिथं आहेत असं पालिकेला लिहून द्यायचं नव्हतं, त्यांना ती दरवर्षी जावक क्रमांक घालून, गोल शिक्का मारून, रजिस्टर पोस्टानं तेच लिहून देते. बायकांच्या वकिलाचं म्हणणं, पावतीपेक्षा ही पत्रं जड आहेत.

या वर्षी आग्नेसबायचा फोन आला. "औंदा पत्र न्हाय आला गो. इसरले काय ते? जरा जाऊन बघशील?"

मी गेले. माझ्याच जुन्या कार्यालयात नागरिकांच्या रांगेत उभी राहिले. खिडकीत नवी मुलगी होती, मला न ओळखणारी, कामात चटपटीत. तिनं संगणकावर बघितलं आणि म्हणाली, "हो काकू, चौकचा परतावा पेंडिंग दिसतोय. पैसे हवेत ना? आत्ताच करून देते."

"नको, नको!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, की मागची रांग दचकली. "पैसे नकोत. पत्र पाठवा."

"कसलं पत्र?"

"पैसे घेऊन जा, असं."

"पण तुम्हाला पैसे नकोयत ना?"

"नकोयत."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या मुलीकडे. माझ्या मागचे गृहस्थ घड्याळ दाखवायला लागले. शेवटी तिनं प्रिंटचं बटण दाबलं आणि दमलेल्या आवाजात विचारलं, "रजिस्टर पोस्टानं पाठवू, की साध्या?"

"रजिस्टर," मी म्हटलं. "आणि शिक्का जरा नीट उमटू दे."